पंचम हलतोय : घरातली वीज साफ करायचा माझा खटाटोप

आपल्या विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं आणि तिथंच सोडून दिलेलं असतं. पण त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ, हा आकडा तानपुरा ऐकणाऱ्या माणसाने एकदा नीट बघावा. पांढरी एकमध्ये गाणाऱ्याचा मंद्र पंचम येतो ९८ हर्ट्झला, काळी एक असेल तर १०४ च्या जरासा खाली. आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरमधून, रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणारा भाग) जी घूं येते ती असते बरोबर १०० ला. जवळजवळचे दोन स्वर एकत्र वाजले की त्यांच्यातल्या फरकाएवढे हेलकावे दर सेकंदाला ऐकू येतात, म्हणजे ९८ आणि १०० मध्ये दोन, १०४ आणि १०० मध्ये चार. रॉक ऐकणाऱ्याला ही घूं फारशी नडत नाही, गाणं सुरू झालं की झाकली जाते, पण ख्याल ऐकणाऱ्याच्या बाबतीत ती थेट तानपुऱ्यात शिरते आणि तानपुरा काही मध्ये थांबत नाही. त्यात तानपुऱ्याच्या तारेचा मूळ स्वर तसा क्षीणच असतो, जोर असतो त्यातून आपोआप उठणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांचा, जवारीचा (तार घोडीला घासून येणारा झणकार), त्यामुळे खालच्या मूळ पंचमाला हलवायला बारीकशी घूंसुद्धा पुरते.

मला हे आधी कळलेलं नव्हतं, काहीतरी खटकतंय एवढंच जाणवायचं. कळलं ते मिरजेच्या एका सतारमेकर चाचांमुळे. माझ्या तानपुऱ्याची जवारी तेच काढतात, एकदा सांगलीला घरी आले होते तर मी हौसेनं किराणा घराण्याची एक जुनी एलपी लावली. चाचा डोळे मिटून ऐकत होते, आलाप सुरू व्हायच्या आधीच म्हणाले, "पंचम हलतोय की ओ." मी म्हटलं चाचा रेकॉर्ड जुनी आहे, टर्नटेबलचा स्पीड असेल. ते म्हणाले, "स्पीड असता तर सगळंच हललं असतं, षड्ज बघा की कसा उभा आहे." उठून अ‍ॅम्पजवळ गेले, वरच्या पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाले हे वाजतंय. खरंच वाजत होतं. मी रोज त्या खोलीत बसत होतो आणि कान त्याला सरावले होते.

तिथून जे सुरू झालं ते घरातल्या विजेचं सगळं वायरिंग उपसून काढण्यापर्यंत गेलं.

आधी माझी सिस्टिम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. टर्नटेबलवर डेनॉनचं डीएल-१०३ कार्ट्रिज आहे, म्हणजे सुई धरून तिच्या हालचालीचा विजेचा सिग्नल करणारा भाग. हे १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके रेडिओसाठी बनलेलं डिझाइन, आजही मिळतं. याचं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट. एवढासा सिग्नल फोनो स्टेजमध्ये, म्हणजे कार्ट्रिजचा सिग्नल वाढवणाऱ्या वेगळ्या डब्यात, हजारएक पट मोठा होतो, वरून आरआयएए इक्वलायझेशन, म्हणजे एलपीसाठी ठरलेलं स्वरांचं कमी-जास्त करणं, ज्यात खालचे स्वर मुद्दाम उचललेले असतात, १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला जवळपास १७ डेसिबल आणि १०० ला १३. म्हणजे कुठूनतरी एक मायक्रोव्होल्टची घूं कार्ट्रिजच्या वायरीत शिरली तर ती मूळ सिग्नलच्या ५० डेसिबल खाली असली तरी आरआयएएमधून बाहेर पडताना फक्त ३३ डेसिबल खाली उरते. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग हं. सीडी किंवा स्ट्रीमिंग ऐकणाऱ्यांना विजेचा त्रास एवढा का जाणवत नाही आणि एलपीवाले एवढे हवालदिल का होतात त्याचं कारण हे आहे.

घर सांगलीत, आमच्या लाइनच्या अगदी शेवटच्या टोकाला. डीपी बरीच लांब. कागदावर २३० व्होल्ट अधिक-उणे ६ टक्के, म्हणजे २१६ ते २४४, असं धरलेलं असतं, आमच्याकडे संध्याकाळी २०५ आणि पहाटे २५० असंही बघितलंय. पण खरं सांगायचं तर व्होल्टेज खाली-वर होणं हा हाय-फायच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे, अ‍ॅम्प ते सहन करतो. प्रश्न असतो त्या विजेबरोबर आणखी काय काय येतं हा.

मोजणीशिवाय काही करायचं नाही हे मी सुरुवातीलाच ठरवलं. लॅपटॉप बॅटरीवर, त्याला एक बरं साउंडकार्ड, आणि आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर ज्यात ५०, १००, १५० हर्ट्झला किती उंच सुळके उभे आहेत ते सरळ दिसतं. सुई वर उचलून, आवाज नेहमीच्या पातळीला ठेवून मोजायचं. पहिल्याच आलेखात ५० आणि १०० असे दोन ठळक सुळके होते आणि हे दोन वेगळे आहेत हे समजणं महत्त्वाचं होतं. ५० बहुतेक वेळा अर्थिंगच्या लूपमधून येतो, १०० येतो रेक्टिफायर किंवा ट्रान्सफॉर्मरमुळे. कारणं वेगळी म्हणजे उपायही वेगळे.

पहिलं काम स्वस्तातलं. जुना ट्रान्झिस्टर रेडिओ घेतला, मिडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे लावला आणि घरभर फिरलो. पंख्याच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरजवळ गेलं की नुसता खर्रर्र. हे रेग्युलेटर ट्रायॅकवाले असतात, दर अर्ध्या सायकलला वेव्ह कापून पंख्याला देतात आणि त्या कापण्याचा कचरा सगळ्या वायरिंगभर पसरतो. स्टेपवाले कपॅसिटर रेग्युलेटर असे वागत नाहीत, ते तेव्हा दोन-अडीचशेला मिळाले, सगळे बदलून टाकले. जिन्यातला एक हलका एलईडी बल्बही सापडला, तो काढला. ट्रान्झिस्टर शांत झाला. स्पीकरमधली बारीक चरचर गेली. ५० आणि १०० जिथल्या तिथे.

मग मेन बोर्ड उघडला. इथून पुढचं सगळं काम लायसन्स असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेतलं आणि कुणी हे वाचून करणार असाल तर तुम्हीही तसंच करा, मेन बोर्डात हात घालणं हा हौसेचा विषय नाही. आमच्या वायरमनने, पस्तिशीचा मुलगा, मला काका म्हणतो, टोंग टेस्टर लावला आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजलं तर संध्याकाळी सहा-सात व्होल्ट. एक-दोनच्या आत पाहिजे. "काका न्यूट्रल बघा कसली काळी पडलीय," म्हणाला. कटआऊटजवळचा जोड तापून तापून जळायला आला होता. घरातल्या फ्रिज, मिक्सर, टीव्ही, सगळ्यांची एकच न्यूट्रल, त्यात हल्लीची बहुतेक उपकरणं एसएमपीएसवाली, म्हणजे वेगाने चालू-बंद होणाऱ्या पॉवर सप्लायची, ती वेव्हच्या फक्त शेंड्यावर करंट ओढतात, म्हणून साइन वेव्हचा शेंडा चपटा होतो आणि तिसरी हार्मोनिक, म्हणजे ५० च्या तिप्पट, १५० हर्ट्झची, तयार होते. थ्री फेज लाइनवर तर गंमत अशी की तिन्ही फेजचे ५० हर्ट्झ करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना कापतात, पण तिसऱ्या हार्मोनिकचे करंट कापत नाहीत, त्यांची बेरीज होते. न्यूट्रल काळी पडते ती अशी.

अर्थिंगही बघितलं. वडिलांच्या काळातला जीआय पाइप, मीठ-कोळसा, वर पाणी ओतायची सोय, पण पाणी ओतणारं कुणी राहिलं नव्हतं. मेगर लावून मोजलं, ११ ओहम. आमच्याकडची माती काळी, पावसाळ्यात अर्थिंगला सोन्यासारखी, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाइपभोवती पोकळी तयार होते. म्हणून नवीन खड्डा घेताना तांब्याचा मुलामा दिलेला तीन मीटरचा रॉड आणि भोवती मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट भरलं, ही चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि आकसत नाही. मीठ तर रॉडच खाऊन टाकतं. थोड्या अंतरावर असे दोन रॉड घेतले, एकमेकांना जोडले, आणि, हे फार महत्त्वाचं आहे, घराच्या जुन्या अर्थला पण जोडले. हाय-फायवाल्यांमध्ये "ऑडिओसाठी स्वतंत्र अर्थ" हे खूळ बरंच पसरलेलं आहे, घराच्या अर्थला न जोडता वेगळा रॉड ठोकायचा आणि अ‍ॅम्प त्यालाच लावायचा. हे जिवावर बेतू शकतं. फॉल्ट झाला किंवा जवळपास वीज पडली की दोन अर्थांमध्ये शेकडो, हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो आणि तो फरक तुमच्या अ‍ॅम्पमधून आणि तुमच्या हातातून मार्ग काढतो. मीटर लावून परत मोजलं, दीड ओहमच्या आत.

आणि स्पीकरमधली घूं? तसूभरही बदलली नाही. मला याचं वाईट वाटलं नाही, उलट समाधान वाटलं, कारण आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, आता भरवशाने ट्रिप होईल असं अर्थिंग घरात आलं. अर्थिंग माणसं वाचवण्यासाठी असतं, नॉइज जमिनीत जाऊन मुरतो हा समज चुकीचा आहे. जेन्सन ट्रान्सफॉर्मर्सचे बिल व्हिटलॉक यांनी हे वर्षानुवर्षं लिहून, शिकवून सांगितलंय, की करंट निघतो तो आपल्याच उगमाकडे परत जायला, जमिनीत गडप व्हायला नाही. घूं येते ती दोन उपकरणांच्या चेसिसमध्ये (पत्र्याच्या डब्यांमध्ये) जो थोडासा व्होल्टेजचा फरक असतो त्यामुळे, तो फरक त्यांना जोडणाऱ्या आरसीए केबलच्या शील्डमधून, म्हणजे बाहेरच्या जाळीतून, करंट ढकलतो, आणि आरसीएमध्ये शील्ड हाच सिग्नलचा परतीचा रस्ता असल्यामुळे तो करंट गाण्यातच मिसळतो. त्यांच्या लेखांनी मला जेवढं शिकवलं तेवढं हजारो रुपयांच्या पॉवर कॉर्डच्या जाहिरातींनी कुणालाच शिकवलेलं नाही.

हे डोक्यात बसल्यावर पुढची पायरी आपोआप आली, ऑडिओसाठी मेन बोर्डापासून वेगळी लाइन. थ्री फेज कनेक्शन करून घेतलं, लोड वाढवायचा अर्ज, टेस्ट रिपोर्ट, नवीन मीटर, यात बरेच दिवस गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पंप आणि एसी एका फेजवर, फ्रिज-मिक्सर-बाकी घर दुसऱ्यावर, आणि तिसरा फेज फक्त ऑडिओच्या खोलीला. ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही त्याच जाडीच्या, वेगळ्या पाइपमधून, मध्ये एकही जोड नाही. खोलीत एकच बोर्ड, टर्नटेबल, फोनो, अ‍ॅम्प सगळं त्या एकाच बोर्डावर. सगळं ऑडिओ एकाच फेजवर ठेवायचं हा नियम मोडू नका, दोन फेजवर वाटलं तर एका खोलीत ४०० व्होल्ट एकमेकांशेजारी येतात. एकाच बोर्डावर सगळं आल्याने चेसिसमधला फरक जवळपास संपला आणि आलेखातला ५० चा सुळका वीसेक डेसिबलने खाली आला. केवढा फरक! मध्यरात्री स्पीकरला कान लावला तरी ती जाड घूं नाही.

पण १०० चा सुळका हलला नव्हता. पंचम अजून हलत होता. अ‍ॅम्पचा पत्रा अजून वाजत होता. आणि तो कायम वाजत नव्हता, हा मला धागा मिळाला. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, लग्नसराईत तर दुपारपासूनच.

माझ्या अ‍ॅम्पमध्ये आहे तसल्या टोरॉइड, म्हणजे गोल कड्यासारखा कोअर असलेल्या, ट्रान्सफॉर्मरला एक खोड असते. त्याच्या कोअरमध्ये फट नसते म्हणून तो छोटा, कार्यक्षम, बाहेर चुंबकीय फिल्ड न सांडणारा, पण त्याच कारणाने त्याला डीसी अजिबात चालत नाही. विजेच्या वेव्हचा वरचा आणि खालचा अर्धा भाग अगदी सारखा नसेल तर त्याचा अर्थ एसीबरोबर थोडा डीसीही येतोय. माझ्या अ‍ॅम्पच्या प्रायमरीचा (विजेला जोडलेल्या वेढ्यांचा) रेझिस्टन्स ३ ओहम. अर्धा व्होल्ट डीसी आला तरी १७० मिलिअँपिअर डीसी वाहणार, आणि टोरॉइडला स्वतःला चालू राहायला जो मॅग्नेटायझिंग करंट लागतो तो याच्यापेक्षा कितीतरी कमी. कोअर एका बाजूला सॅच्युरेट होतो, म्हणजे चुंबकत्वाने तुडुंब भरतो, गुरगुरायला लागतो, आणि एरवी बाहेर न सांडणारं फिल्ड बाहेर सांडतं, त्यात १०० हर्ट्झसारख्या सम हार्मोनिक भरलेल्या. शेजारीच फोनो स्टेज. म्हणजे पंचमाला दोन्हीकडून मार, पत्रा हवेतून हलवतोय आणि फिल्ड वायरीतून.

हे मोजायला साधा मल्टिमीटर डीसीवर ठेवून प्लगमध्ये घालून चालत नाही, २३० व्होल्टच्या एसीत तो अर्धा व्होल्ट हरवतो. मोठे रेझिस्टर आणि कपॅसिटर लावून एसी गाळून घ्यावा लागतो. वायरमनच्या समोर, सगळं बंद डब्यात घालून तो फिल्टर केला आणि लावला. सकाळी ५०-६० मिलिव्होल्ट. संध्याकाळी सहाच्या सुमाराला काटा उठला, ५०० वर गेला, थोडा वेळ राहिला, पडला, परत उठला.

आमच्या मागच्या गल्लीत एक ब्यूटी पार्लर आहे. हेअर ड्रायरच्या कमी सेटिंगला बऱ्याच मॉडेलमध्ये आत नुसता एक डायोड असतो, तो अर्धी सायकल कापतो, झाली पॉवर अर्धी. १२०० वॅटचा ड्रायर असा चालवला की लाइनमध्ये दोन-सव्वादोन अँपिअर डीसी वाहतो, आणि लाइनच्या शेवटच्या टोकाला बारीक वायर, समजा पाव ओहम, की झाला अर्धा व्होल्ट. मी सरळ पार्लरवाल्या ताईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी जरा विचित्र नजरेनं बघितलं, मग हसल्या, म्हणाल्या, "काका मी चालू-बंद करते, तुम्ही घरी जाऊन बघा आणि फोनवर सांगा." मी मीटरसमोर, फोन कानाला. "आता हाय." काटा खाली. "आता लो." काटा वर, आणि शेजारी अ‍ॅम्प गुरगुरला. "आता बंद." शांत. त्यांचा यात काहीच दोष नाही, बाजारात मिळणारं साधं मशीन त्या वापरतायत, आणि ते बंद करा म्हणायचा मला काही हक्क नाही. पण त्या दिवशी मला जो आनंद झाला तो एखादी दुर्मिळ एलपी सापडल्यावर होतो त्यापेक्षा जास्त होता. इतक्या महिन्यांच्या हलत्या पंचमाचं कारण समोर उभं होतं.

यावर सोपा इलाज म्हणजे डीसी ब्लॉकर, मोठे कपॅसिटर आणि त्यांना समांतर डायोड, अ‍ॅम्पच्या प्रायमरीच्या रस्त्यात. तो लावून बघितला, गुरगुर गेली. इथे थांबता आलं असतं. मी थांबलो नाही, कारण फेज-न्यूट्रल दोघांवरून सारखाच येणारा कॉमन मोड नॉइज अजून येतच होता आणि मला ती खोली बाकी सगळ्या घरापासून, सगळ्या गल्लीपासून विजेच्या दृष्टीने वेगळी करायची होती.

म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, ज्यात आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या विजेचे वेढे एकमेकांना तारेने जोडलेले नसतात. कुपवाड एमआयडीसीत एक वाइंडिंगवाले आहेत, आयुष्यभर कंट्रोल पॅनेलचे ट्रान्सफॉर्मर केलेले. त्यांना मी सांगितलं, ३ केव्हीए, ईआय कोअर (ई आणि आय आकाराच्या पत्र्यांचा), सीआरजीओ पत्रा (ट्रान्सफॉर्मरसाठीचं खास पोलाद), पण फ्लक्स डेन्सिटी, म्हणजे कोअरमधल्या चुंबकत्वाची दाटी, १.१ टेस्लावर ठेवा. ते म्हणाले, "साहेब १.५ ला आरामात चालतोय, एवढं लोखंड-तांबं कशाला वाया घालवताय?" मी म्हटलं मला तो गरम नको, गुणगुणणारा नको, आणि थोडा डीसी आला तरी डगमगणारा नको. ईआयच्या पत्र्यांच्या सांध्यात बारीक फटी राहतात म्हणून तो टोरॉइडपेक्षा डीसी सोसतो, त्यात फ्लक्स कमी ठेवला तर डोकं वर काढायला जागा उरते. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचं एक आवरण, त्याची दोन टोकं एकमेकांवर येतात पण मध्ये इन्सुलेशन पाहिजे, चुकून टेकली तर तो एका वेढ्याचा शॉर्ट होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. हे आवरण अर्थला जोडायचं, वरच्या फ्रिक्वेन्सीचा कचरा पलीकडे उडी मारू शकत नाही. सेकंडरी ११५-०-११५, मधला टॅप अर्थला. म्हणजे उपकरणाला मिळतात २३० च, पण दोन्ही वायरी अर्थपासून ११५ वर, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली, आणि प्रत्येक उपकरणातले गळतीचे करंट एकमेकांना बऱ्यापैकी कापतात. याला बॅलन्स्ड पॉवर म्हणतात, अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये याच्यासाठी ६४७ नंबरचं वेगळं कलमच आहे, तिथे ६०-०-६० असतं.

ट्रान्सफॉर्मर आला, दोघांनी उचलून जिन्याखाली ठेवला, टर्नटेबलपासून लांब, कारण ईआय थोडं फिल्ड सांडतोच. खर्च तीस हजारांच्या घरात गेला, त्यात निम्मं तांबंच. चालू केला की एमसीबी खाली. परत लावला, परत खाली. एवढा मोठा कोअर पहिल्या क्षणी भसकन करंट ओढतो, मग एक रेझिस्टर आणि टायमर रिले लावून अर्धा सेकंद त्याला हळू उठवायची सोय केली. वायरमनने टेस्टर बोर्डात घातला आणि दचकला, दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय. इथे न्यूट्रल असं काही नाहीच, दोन्ही वायरी जिवंत, म्हणून साधा सिंगल पोल एमसीबी इथे चालत नाही, डबल पोलच पाहिजे, आणि त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, जो मधला टॅप अर्थला असल्यामुळे बरोबर काम करतो. बोर्डावर लाल रंगात तसं लिहूनही ठेवलंय, उद्या दुसरा कुणी वायरमन आला तर.

संध्याकाळी सहाची वाट बघितली. पार्लर चालू झालेलं मीटरवर दिसलं. अ‍ॅम्पच्या पत्र्यावर हात ठेवला, काही नाही. आलेखात १०० चा सुळका बाकीच्या खडखडाटात मिसळून गेला होता. तीच एलपी लावली. पंचम उभा. षड्जाइतकाच उभा. षड्जाच्या तारेतून गंधार येतो, तसा पंचमाची तार छेडल्यावर तिच्यातून रिषभ वर येतो, तो मला माझ्या खोलीत पहिल्यांदा सुटा ऐकू आला.

मित्रांना सांगितलं तर म्हणाले बॅटरीवरच का जात नाहीस, सोलर, लिथियम, इन्व्हर्टर, ग्रिडच नको. तेही बघितलं. एका ओळखीच्यांकडचा ४८ व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पॅक आणि इन्व्हर्टर आणून लावला. डीसी नाही, हार्मोनिक कमी, पण इन्व्हर्टर स्वतःच आतून हजारो वेळा स्विच होत असतो, ट्रान्झिस्टर जवळ नेला तर पंख्याच्या रेग्युलेटरपेक्षा मोठा खर्रर्र. अ‍ॅम्पसाठी माझ्या मते हा उलटा प्रवास आहे. बॅटरीचा खरा उपयोग जिथे सिग्नल सर्वांत नाजूक तिथे, आणि तिथे इन्व्हर्टर लागतच नाही. फोनो स्टेजला १२ व्होल्टच्या दोन ७ एएचच्या सीलबंद बॅटऱ्या लावल्या, एक अधिक १२ साठी, एक उणे १२ साठी. फोनो ओढतो जेमतेम ५० मिलिअँपिअर, एकदा चार्ज केलं की दिवसचे दिवस ऐका. ऐकताना चार्जरची दोन्ही टोकं रिलेने पूर्ण तोडलेली. फोनोचा विजेच्या प्लगशी संबंधच संपला.

जपानमध्ये याच्याही पुढे जातात, स्वतःचा विजेचा खांब उभा करतात, ६६०० व्होल्टची लाइन थेट अंगणात आणून तिथे फक्त आपल्या घराचा ट्रान्सफॉर्मर. २०१६ मध्ये एका ८२ वर्षांच्या वकिलांची बातमी अमेरिकेतल्या पेपरात आली होती, त्यांनी साधारण दहा हजार डॉलर खर्चून असा खांब घातला. लोकांना ते वेड वाटलं, मला त्यात तर्क दिसतो. तिथे घरात १०० व्होल्ट, म्हणजे ५०० वॅटच्या अ‍ॅम्पला ५ अँपिअर लागतात, आपल्याकडे सव्वादोन. करंट दुप्पट म्हणजे शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेल्या वायरीतला प्रत्येक दोषही दुप्पट, आणि तोही १०० व्होल्टमधून, म्हणजे टक्क्यात चौपट-पाचपट. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असला की मागच्या गल्लीतला ड्रायर आपल्या वायरीत येतच नाही. मी पण आमच्याकडे चौकशी केली होती, ११ केव्हीची लाइन, स्वतःची डीपी, पण एका खोलीतल्या गाण्यासाठी त्याचा खर्च आणि परवानग्या यांचा मेळ बसेना. जिन्याखालचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे माझी छोटी डीपीच आहे असं मी धरून चालतो.

एक गोष्ट मात्र कुणालाच बदलता येत नाही, ती म्हणजे फ्रिक्वेन्सी. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेची ग्रिड बाकी देशाला जोडली गेली, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळे एकाच ठेक्यावर. ती ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायची असा दंडक आहे, म्हणजे घूं ९९.८ ते १००.१ मध्ये फिरते आणि पंचमाच्या शेजारून काही हटत नाही.

आता आलेखात १५० हर्ट्झचा एक छोटा सुळका राहिलाय. तो कुठून येतो ते शोधायला कार्ट्रिजची वायर हातात धरून खोलीत फिरवली, तर पूर्वेच्या भिंतीजवळ वाढतो. त्या भिंतीच्या बाहेरूनच सर्व्हिस वायर येते, सगळ्या घराचा करंट, तिसऱ्या हार्मोनिकसकट, टर्नटेबलपासून हातभर अंतरावर. टर्नटेबल दुसऱ्या भिंतीला नेला तर तिथली जमीन हलते, सुई उडते. म्हणून वायरच मागच्या भिंतीवरून घ्यायची ठरवलीय, अर्ज दिलाय, पाऊस उघडला की वायरमन पोरगा येऊन पाइप टाकेल.